जुनी ठेवू की नवी?

ही घटना मी लिहिणार नव्हतो.

भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अमावस्येची रात्र, ओसाड बंगला, करकरणारं दार... सगळं तेच ते. यात त्यातलं काहीच नाही. हे घडलं भर दुपारी दीड वाजता, मंगळवार ते शुक्रवार अशा चार दिवसांत, लख्ख उजेडात. एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर आणि एका साध्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत.

ज्यांच्यासोबत घडलं ते माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस इतका नेमका, की जिना चढतानाही पायऱ्या मोजणार. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

पटलं नाही तर सोडून द्या. मलाही पटलं नसतं तर किती बरं झालं असतं.

भावोजी वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत होते. काम काय, तर मोजणी. कंपनीत जेवढे कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर, जे जे म्हणून नेटवर्कला जोडलंय त्या सगळ्याची यादी ठेवायची. ऑफिसात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे म्हणत, 'मोजणीवाले'.

यादी हाताने करायची नव्हती. त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. रोज दुपारी दीडच्या ठोक्याला ते नेटवर्कभर हाळी देत फिरायचं. कोण आहेस? प्रत्येक यंत्र उत्तर द्यायचं. माझं नाव हे, माझा कारखान्यातला सिरीयल नंबर हा, अमुक खोलीतल्या अमुक जोडणीवरून बोलतोय. जो उत्तर देईल तो आहे. जो देणार नाही तो नाही. शाळेतली हजेरीच म्हणा ना.

गोंधळ व्हायचा तो दुबार नोंदींचा. एखाद्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड बदललं की सॉफ्टवेअरला वाटायचं, हा कोणी नवाच आला. मग एकाच यंत्राच्या दोन नोंदी. एक जुनी, एक नवी. सिरीयल नंबर दोन्हींवर एकच. अशा वेळी सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी शेजारी मांडून विचारायचं, जुनी ठेवू की नवी? आपण एक बटण दाबायचं. जी ठेवली नाही ती दुसरीत विरघळून जायची.

जणू कधी नव्हतीच.

रीत अशी, की नवी ठेवायची, कारण नवी म्हणजे आजची. पण भावोजी नेहमी जुनी ठेवायचे. जुन्या नोंदीत सगळं असतं. यंत्र कधी आलं, कोणाच्या हाती दिलं, कितीदा दुरुस्त केलं. नवी बिचारी कोरी. "जी आधी आली ती खरी," ते म्हणायचे. हे ते कुठे शिकले, ते आता सांगतो.

ही घरातली गोष्ट ताईने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितली, तीही दार लावून.

भावोजींच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगा होता. थोरला. साडेतीन वर्षांचा होऊन गेला. दुपारची वेळ होती. आईने ताट वाढलं आणि त्याला म्हणाली, जा, हात धुऊन ये. घरामागे पाण्याची टाकी होती. 'धुऊन येतो,' म्हणून तो गेला...

आला नाही.

त्यानंतर दीड वर्षाने भावोजी जन्मले. वडील व्यवहारी माणूस. थोरला गेल्याची नोंद त्यांनी कुठे केलीच नव्हती. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "कागद तयार आहेत. वाया कशाला घालवायचे? पाच वर्षं वाढली तर नोकरीही लवकर लागेल." आणि थोरल्याच्या जन्माच्या दाखल्यावर धाकट्याला शाळेत घातलं. नाव थोरल्याचं. तारीख थोरल्याची. मुलगा तेवढा दुसरा.

तेव्हापासून भावोजी कागदावर पाच वर्षांनी मोठे. कागदावर सत्तावन्न, खरे बावन्न. पुढच्या वर्षी ते थोरल्याच्या वयाने निवृत्त होणार होते. मी एकदा गमतीने म्हणालो, "भावोजी, तुम्ही तर फुकटात म्हातारे झालात." ते हसले नाहीत.

त्यांची आई त्यांना त्या नावाने कधीच हाक मारत नसे. एकदाही नाही. 'अरे' म्हणायची. अरे, दूध तापव. अरे, खिडकी लाव. पाहुण्यांना सांगताना म्हणायची, 'हा दुसरा.' भिंतीवर थोरल्याचा एक फोटो होता. येणारे-जाणारे तो भावोजींचाच समजून म्हणायचे, "अजून तस्सेच आहात हो!" भावोजी मान डोलवायचे. काय सांगणार? आई तोंड फिरवून आत निघून जायची.

एक मात्र होतं. दहा वर्षांचे होईपर्यंत भावोजींनी स्वतःचे हात कधी धुतले नाहीत. आई धुवायची. त्यांचं मनगट एका हाताने गच्च आवळून, दुसऱ्या हाताने तांब्याने पाणी घालायची. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठायचे. आईचा स्पर्श म्हणून त्यांना तेवढाच आठवतो.

आता ती ब्याऐंशीची झाली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून खोली आणि बाथरूम एवढंच तिचं जग. आठवणही विरत चाललेली. भावोजी तिची नखं कापायचे, औषधं द्यायचे, रात्री दोनदा उठून पांघरूण सारखं करायचे. ताईला एकदाच म्हणाले होते, "माझं काही मागणं नाही गं. जाण्याआधी तिने एकदा मला नावाने हाक मारावी. बस."

ताई सांगताना रडली. मला मात्र म्हातारीचा संताप आला. अजूनही येतो, पण आता पूर्वीसारखा नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आई आजारी असताना भावोजींनी वर्षभर तिच्या उशाशी बसून ऑफिसचं काम केलं होतं. त्यासाठी कंपनीने तिच्या खोलीत एक पांढरी पेटी बसवून दिली होती. ती पेटी चालू असली की त्या खोलीतलं यंत्र ऑफिसच्या नेटवर्कवर दिसायचं, जणू तिसऱ्या मजल्यावरच आहे. पेटी तशीच राहिली होती, कपाटावर, दोन हिरवे दिवे लुकलुकत.

दुसरी गोष्ट. आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी दुपारी एक वाजता जायच्या. जाताना बाहेरून कुलूप लावायच्या. ताई शाळेत शिकवायची, ती अडीचला यायची. म्हणजे एक ते अडीच म्हातारी घरात एकटी.

तर... मंगळवार.

शुक्रवारी ऑफिसात तपासणी होती. यादीत दोन हजार एकशे चाळीस यंत्रं दिसत होती, प्रत्यक्षात भरत होती दोन हजार त्रेसष्ट. सत्त्याहत्तर जास्त. सगळ्या दुबार नोंदी. विभागाच्या साहेब असलेल्या मॅडमनी फर्मान काढलं, शुक्रवारपर्यंत यादी साफ पाहिजे.

भावोजी दुपारी बसले. स्क्रीनवर जोडी यायची. जुनी ठेवू की नवी? जुनी ठेवा. पुढची. जुनी ठेवा. पुढची. पन्नासाव्यानंतर त्यांनी वाचणंच सोडलं. बोट आपोआप चालत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या नेमक्या माणसाने न वाचता बटण दाबलं.

सत्त्याहत्तरावी जोडी आली. जुनी ठेवा.

यादी साफ. दोन हजार त्रेसष्ट.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, मधोमध भांग पाडलेला. आणि ती... गुणगुणत होती. भावोजींनी तिला गुणगुणताना जन्मात ऐकलं नव्हतं.

"मावशींनी विंचरले वाटतं?" त्यांनी ताईला विचारलं.

"मला वाटलं तुम्हीच सकाळी विंचरलेत," ताई म्हणाली.

बुधवारी दीड वाजता सॉफ्टवेअरने हाळी दिली. एक मिनिटाने भावोजींच्या स्क्रीनवर खिडकी उघडली. 'नवीन यंत्र आढळले.'

ते नवीन यंत्र म्हणजे त्यांच्या समोरचाच कॉम्प्युटर होता. सहा वर्षं ज्यावर ते रोज काम करत होते, तोच. शेजारी जुनी नोंद होती. तेच नाव, तोच सिरीयल नंबर, वापरणाऱ्याच्या जागी भावोजींचंच नाव. आणि खाली प्रश्न. जुनी ठेवू की नवी?

मग त्यांच्या लक्षात आलं. कालची सत्त्याहत्तरावी जोडी ही होती. काल त्यांनी स्वतःचंच यंत्र पुसलं होतं, आणि आज ते नवं म्हणून परत सापडलं होतं.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी जुनी नोंद उघडली. प्रथम दिसल्याची तारीख वाचली... आणि हसले. सत्तावन्न वर्षांपूर्वीची तारीख होती. यंत्राच्या आतल्या घड्याळाचा सेल मेला की यंत्र अशा भलत्याच तारखा सांगतं. ते त्यांना पाठ होतं.

पण असा यंत्राचा घोळ नेहमी जानेवारीच्या एक तारखेवर जाऊन थांबतो.

ही जानेवारीची एक तारीख नव्हती. ही तारीख त्यांनी आयुष्यभर प्रत्येक अर्जावर लिहिली होती. थोरल्याची जन्मतारीख.

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या केबलवाल्याला बोलावलं. नेटवर्कच्या जोडण्या तोच बघायचा.

"मोजणीवाले, सरळ आहे की," तो म्हणाला. "तुमच्या नावाची दोन यंत्रं आत्ता चालू आहेत. एक या टेबलावरून बोलतंय."

"आणि दुसरं?"

"दुसरं तुमच्या घरून. ती आजींच्या खोलीतली पेटी आहे ना, तिच्यावरून. घरी लॅपटॉप ठेवून आलात का?"

घरी लॅपटॉप नव्हता. घरी त्या वेळी आई होती, आणि बाहेरून कुलूप.

भावोजींनी बटण दाबलं नाही. खिडकी बंद केली. पाणी प्यायले. पुन्हा खिडकी उघडली. जुन्या नोंदीसमोर लिहिलेलं होतं, शेवटचं दिसलं... आत्ता.

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम मावशींना फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आई हल्ली दुपारी कशी असते?

"चांगल्या असतात की. आज तर मला लवकर जा म्हणून मागेच लागल्या होत्या," मावशी म्हणाल्या. "पण दादा, एक बोलू का? तुम्ही दुपारचे येऊन जाता ते फार छान करता हो. आई सांगत होत्या, माझा मुलगा येतो, केस विंचरतो, समोर बसून जेवतो."

भावोजींनी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

ते कधीच दुपारी घरी गेले नव्हते.

रात्री आईला भरवताना त्यांनी हळूच विचारलं, "आई, दुपारी कोण येतं गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग ओठ घट्ट मिटून घेतले, लहान मूल खाऊ लपवतं तसे.

गुरुवार.

भावोजी एक वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसले होते. बरोबर दीडला खिडकी उघडली. नवीन यंत्र आढळले. जुनी ठेवू की नवी?

त्यांनी घरचा नंबर लावला. आईच्या पलंगाशेजारी फोन होता. गेली दोन वर्षं ती तो उचलत नव्हती, उचलायचं असतं हेच ती विसरली होती.

रिंग वाजली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा...

कोणीतरी उचलला.

पलीकडून शब्द नाही. फक्त श्वास. आणि मागून, खोलीतून, आईचा आवाज. मऊ. लाडाचा. असा आवाज तिला आहे हे भावोजींना बावन्न वर्षांत ठाऊक नव्हतं. तिने नावाने हाक मारली. त्यांच्या नावाने. त्याच्या नावाने. आणि विचारलं,

"कोणाचा रे फोन?"



मग फोनमध्ये कोणीतरी अगदी जवळून बोललं. तो आवाज भावोजींनी लगेच ओळखला. स्वतःचाच होता.

"कोणी नाही, आई."

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

भावोजी तसेच उठले. लिफ्टची वाट पाहिली नाही. त्या दिवशी त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं. दहा मिनिटांत घराशी पोचले. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. आत शिरले.

आई पलंगावर बसली होती. केस नीट विंचरलेले. समोर छोट्या टेबलावर दोन ताटल्या. दोन्ही रिकाम्या.

तिने मान वर केली. त्यांच्याकडे बघून अदबीने हसली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"आई... मी आहे."

"बसा ना," ती म्हणाली. "माझा मुलगा आत हात धुतोय. येईलच एवढ्यात."

बाथरूममधून नळाचा आवाज येत होता.

भावोजी दारापाशी गेले. कडी आतून लावलेली होती. दोनदा ठोठावलं. नळ बंद झाला.

आणि आतून कोणीतरी... दोनदा ठोठावलं.

"अहो, त्याला घाई करू नका!" आई मागून म्हणाली. "सावकाश धुऊ दे. मी एकदा घाई केली होती. भोगलंय मी."

मी भावोजींना विचारलं होतं, तुम्ही दार तोडलं का नाही? ते म्हणाले, "तोडलं असतं आणि आतून माझ्याच चेहऱ्याचा माणूस बाहेर आला असता, तर तिने दोघांतून कोणाला ठेवलं असतं, हे मला माहीत होतं."

ते येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. पाहुण्यासारखे. ती त्यांच्याशी इतकं छान बोलली... हवा-पाण्याचं, गुडघ्यांचं. मुलाचं कौतुक तर किती. "फार मायेचा आहे हो. रात्री दोनदा उठून पांघरूण घालतो," म्हणाली.

ते पांघरूण कोण घालत होतं?

अडीचला ताई आली. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नाही. खिडकीला गज. फक्त टॉवेल ओला होता.

ताईने त्यांना परोपरीने विचारलं. ते एकच म्हणाले, "उद्या तपासणी आहे. यादी साफ करायचीय."

शुक्रवार.

तपासणीची माणसं दोनला येणार होती. मॅडम एक वाजल्यापासून भावोजींच्या खुर्चीमागे उभ्या. दीड वाजला. खिडकी उघडली.

"ही एकच दुबार राहिली ना?" मॅडम म्हणाल्या. "अहो मग करून टाका की. कशाची वाट बघताय?"

जुनी ठेवू की नवी?

भावोजी त्या दोन नोंदींकडे बघत राहिले. जुनीत सगळं भरलेलं. नवीत फक्त तीन दिवस. बावन्न वर्षं आपण ज्याच्या नावावर जगलो, ज्याच्या तारखेवर वाढदिवस मोजले, ज्याच्या वयाने म्हातारे झालो, तो आता पांघरूणसुद्धा घेऊन गेला... हे त्यांच्या डोक्यात आलं. आयुष्यभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. जी आधी आली ती खरी. मग जी राहिली ती? जिने नखं कापली, औषधं दिली, ती खोटी?

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," भावोजी म्हणाले.

आणि त्यांनी नेहमीचं बटण सोडून दुसरं दाबलं. नवी ठेवा.

जुनी नोंद विरघळली. यादीत दोन हजार त्रेसष्ट. मॅडमनी पाठीवर थाप मारली. भावोजी त्यांची परवानगी न घेताच निघाले.

घराचं कुलूप उघडतानाच त्यांना आतून हाक ऐकू आली. नावाने. मोठ्याने. घाबरलेली.

आई बाथरूमच्या दाराशी उभी होती. ती आधाराशिवाय दोन वर्षं उभी राहिली नव्हती. चौकट धरून उभी होती आणि उघड्या, रिकाम्या बाथरूममध्ये बघून हाका मारत होती. तेच नाव. पुन्हा पुन्हा. आत नळ बंद होता. फरशी कोरडी ठणठणीत.

भावोजींनी आयुष्यभर त्या हाकेची वाट पाहिली होती. ते भान विसरून पुढे झाले.

"आई! आलो बघ. मी आलो."

ती गर्रकन वळली. तिचा चेहरा उजळला... अगदी पोरीसारखा उजळला. दोन्ही हात तिने पुढे केले. भावोजी सांगत होते, तेवढा एक क्षण त्यांना मिळाला. मोजला तर दोन सेकंद.

मग तिने नीट पाहिलं.

हात खाली आले.

"अरे..." ती म्हणाली. "तूच का."

भावोजींनी तिला धरून पलंगावर बसवलं. ती भिंतीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने, त्यांना नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "हात धुवायला गेला. परत आलाच नाही. दुसऱ्यांदा."

मग तिने भावोजींचं मनगट धरलं. गच्च. लहानपणी धरायची तसंच. संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. वळ उठले तरी सोडलं नाही.

त्या दिवसापासून तिने अन्न सोडलं. नवव्या दिवशी गेली. शेवटपर्यंत कोणालाच हाक मारली नाही. 'अरे' सुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सगळे तेच म्हणाले. भावोजी मात्र मला म्हणाले, "तिचा मुलगा एकदा पाण्याने नेला. दुसऱ्यांदा मी नेला. तपासणीसाठी."

मी म्हणालो, तुम्ही कशाला स्वतःला दोष देताय, एक बटण तर दाबलंत. ते म्हणाले, "मला माहीत होतं, कुठलं दाबतोय ते. त्या दिवशी मी वाचून दाबलं."

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. पुसलेली नोंद तीस दिवसांच्या आत परत आणता येते. आई गेली त्याच रात्री भावोजी ऑफिसात जाऊन बसले आणि त्यांनी थोरल्याची नोंद परत आणली. स्वतःची पुसायलाही ते तयार होते.

पण दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्या नोंदीसमोर लिहून आलं, 'उत्तर नाही.'

रोज तेच येत राहिलं. आईच्या खोलीतली पेटी कंपनीने परत नेली, पलंग आम्ही देऊन टाकला, फोनही बंद करून काढून टाकला. भावोजी आता निवृत्त झाले आहेत, थोरल्याच्या वयाने. पण दुपारी दीडला कुठेही असले तरी ते तो जुना नंबर लावतात. मी एकदा त्यांच्या शेजारी होतो. रिंग वाजत होती. मी माझ्या कानाने ऐकली. ज्या नंबरची जोडणीच तोडलीय त्याची रिंग कुठे वाजते, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

माफी मागायचीय त्यांना थोरल्याची. एवढंच.

आई गेल्यापासून तो फोन एकदाच उचलला गेला. गेल्या महिन्यात. भावोजींनी श्वास ओळखला. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. मऊ. लाडाचा. जेवता जेवता विचारावं तसा.

"कोणाचा रे फोन?"

भावोजींनी घाईघाईने फोन कट केला. पुढचं उत्तर काय येणार, ते त्यांना माहीत होतं.